रेचल आणि झेन्याटा : न झालेली शर्यत

गेल्या आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर दोन बैलांवरून वाद पेटला होता. दोन्ही बैल आपल्याच भागातले, दोन्ही फायनलला हमखास दिसणारे, पण एका मैदानात एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत. एक म्हणाला, मालक मुद्दाम टाळतोय. दुसरा म्हणाला, टाळत नाही, त्याचा बैल तसल्या मुरमाड मैदानात पळतच नाही. तिसऱ्याचं म्हणणं, बक्षिसाची रक्कम वाढवा, दोघंही धावत येतील बघा. मी चहा पीत गप्प बसलो होतो. गप्प का बसलो ते पुढं सांगतो. पण डोक्यात एक जुनी गोष्ट सुरू झाली होती. अमेरिकेतली, 2009 आणि 2010 सालची. टपरीवरचे तिन्ही मुद्दे त्या गोष्टीत जसेच्या तसे आहेत. फरक एवढाच की तिथं बैल नव्हते, घोड्या होत्या.

त्या वर्षी मी एका दैनिकाच्या कार्यालयात रात्रपाळीला क्रीडा पान बघायचो. एजन्सीच्या बातम्यांत अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीच्या चार ओळी यायच्या. पानात जागा उरली तर लागायच्या, नाहीतर टोपलीत. मला घोड्यांतलं काही कळत नव्हतं. पण रेचल अलेक्झांड्रा हे नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं, तशी मी ती पुढं कुठं पळणार याची वाट बघायला लागलो. रोजच्या मटक्याच्या आकड्यासारखी सवय लागली म्हणा.

आधी एक खुलासा. रेसच्या भाषेत तरुण घोडीला ‘फिली’ म्हणतात, ढोबळमानाने चार वर्षांपर्यंत. त्यापुढं ती ‘मेअर’. अमेरिकेतल्या सगळ्यात मानाच्या तीन शर्यती, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. फिलीला तिथं बंदी नाही, पण सहसा कुणी उतरवत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या शर्यती आहेत. रेचलचे मूळ मालक डॉल्फस मॉरिसन यांचं मतही तसंच होतं. या तीन शर्यती नरांच्या, पुढं ज्यांच्यापासून पैदास करायची ते घोडे इथं पारखायचे, आपल्या फिलीनं तिथं घुसू नये. नातीचं नाव त्यांनी या फिलीला दिलं होतं, यावरून जिव्हाळा किती होता ते कळतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

म्हणून 1 मे 2009 ला, शुक्रवारी, रेचल केंटकी ओक्समध्ये पळाली. फक्त फिलींची शर्यत. जॉकी कॅल्व्हिन बोरेल. जिंकली ती सव्वावीस लेंथने. एक लेंथ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, साधारण आठ फूट. हिशेब करा. दुसऱ्या क्रमांकाची फिली जवळजवळ पन्नास मीटर मागं होती. बोरेलनं चाबूक उगारलासुद्धा नाही.

आता त्याच दिवशीची, त्याच चर्चिल डाऊन्स रेसकोर्सवरची दुसरी गोष्ट. कॅलिफोर्नियातून एक पाच वर्षांची घोडी तिथं मुद्दाम आणली होती. झेन्याटा. धिप्पाड, तोपर्यंत एकही शर्यत न हरलेली. तिची शर्यत वेगळी होती, रेचलबरोबर नव्हती. पण पावसानं ट्रॅक ओला झाला म्हणून तिचे ट्रेनर जॉन शिरेफ्स यांनी तिला पळवलंच नाही. माघार घेऊन ती परत गेली. म्हणजे दोघी एका दिवशी एका रेसकोर्सवर होत्या. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कारण ‘दोघींत भारी कोण’ हा प्रश्न अजून जन्मायचा होता.

तो प्रश्न दोन आठवड्यांत जन्मला. ओक्सनंतर लगेच जेस जॅक्सन यांनी भागीदारासह रेचल विकत घेतली. जॅक्सन म्हणजे कॅलिफोर्नियातले वाइनवाले, केंडल-जॅक्सन ही त्यांची कंपनी. ट्रेनर बदलला, स्टीव्ह अस्मुसेन आले. आणि जॅक्सननी जाहीर केलं, ही प्रीकनेसमध्ये नरांबरोबर पळणार.

इथं एक गंमत झाली, गंमत कसली, राजकारणच. रेचलचं नाव तीन मोठ्या शर्यतींसाठी आधी नोंदवलेलं नव्हतं. त्यामुळं एक लाख डॉलर भरून आयत्या वेळी नाव द्यावं लागणार होतं. शर्यतीत जागा चौदाच. आधीपासून नोंदलेले चौदा घोडे उतरले तर रेचल आपोआप बाहेर. काही बड्या मालकांनी लगेच विचार सुरू केला, जादा घोडे उतरवून जागा भरून टाकू या की! त्यात डर्बी जिंकलेल्या माइन दॅट बर्डच्या मालकांपैकीही एक होते. ही बातमी फुटली आणि लोक खवळले. मोठे घोडेवाले एका फिलीला घाबरले म्हणून जी टवाळी झाली, तिच्यामुळं तो बेत बारगळला. आपल्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत डमी अर्ज भरून चिन्हांची गर्दी करतात, त्याच जातीची ही युक्ती. फक्त इथं लोकांनी ती हाणून पाडली.

जॉकी बोरेलची पंचाईत त्याहून मोठी. ओक्सच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं 50 ला 1 भावाच्या माइन दॅट बर्डला डर्बी जिंकून दिली होती. डर्बी जिंकलेला घोडा आपणहून सोडून पुढच्या शर्यतीत दुसऱ्यावर बसणं हे कुणी करत नाही. त्यानं केलं. रेचलवर बसला. मग माइन दॅट बर्डवर कोण बसला? माइक स्मिथ, झेन्याटाचा नेहमीचा जॉकी.

16 मे. तेरा घोडे, रेचल सगळ्यात बाहेरच्या, तेराव्या फाटकातून. सुरुवातीलाच पुढं गेली आणि पुढंच राहिली. शेवटी माइन दॅट बर्ड अंगावर यायला लागला, पण एका लेंथने ती जिंकली. 1924 मध्ये नेली मॉर्स या फिलीनं प्रीकनेस जिंकली होती, त्यानंतर 85 वर्षांनी पहिल्यांदा फिली जिंकत होती. माझ्या पानात त्या रात्री या बातमीला दोन कॉलम मिळाले. आयपीएलचा मोसम असतानाही.

तिथून पुढचा उन्हाळा तिचाच. जूनमध्ये मदर गूज शर्यत सव्वाएकोणीस लेंथने. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतली हॅस्केल, चिखल झालेल्या ट्रॅकवर, बेलमाँट जिंकणाऱ्या समर बर्डला सहा लेंथने मागं टाकून. आणि 5 सप्टेंबरला साराटोगाला वुडवर्ड.

वुडवर्डवर थोडं थांबतो, कारण माझ्या मते या गोष्टीचा जीव तिथं आहे. आत्तापर्यंत तिनं आपल्या वयाच्या नरांना हरवलं होतं. वुडवर्डमध्ये वयानं मोठे, पूर्ण भरलेले घोडे होते. तीन वर्षांची पोर आणि समोर पैलवान. या शर्यतीत त्याआधी एकही मादी जिंकली नव्हती. सुरुवातीपासून कुणी ना कुणी येऊन तिला धक्क्याला लावत राहिलं, दम खाऊ दिलाच नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात माचो अगेन बाहेरून सुसाट आला. आत्तापर्यंत चाबूक फारसा न उगारणारा बोरेल आता सपासप मारत होता. ती फक्त मुंडीभर फरकानं जिंकली. साराटोगाचं लाकडी ग्रँडस्टँड हलल्यासारखं वाटलं असं बघणारे सांगतात. मी व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलाय. शर्यत संपल्यावर ती परत येते तेव्हा कान बघा. त्या दिवशी तिनं शिल्लक काही ठेवलं नव्हतं. वर्षभरात आठ शर्यती, आठ विजय.

तिकडं झेन्याटा कॅलिफोर्नियात जिंकतच होती. तिची पद्धत उलटी. सुटताना सगळ्यात मागं, आरामात, आणि शेवटच्या वळणावरून सगळ्यांना एकेक करत गिळायचं. शर्यतीआधी ती पॅडॉकमध्ये पाय उचलून नाचल्यासारखी चालायची, त्यावर लोक जीव टाकायचे. तिचे मालक जेरी मॉस हे ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीचे एक संस्थापक. ‘द पोलीस’ या बँडच्या अल्बमवरून तिचं नाव ठेवलेलं. लहानपणी लिलावात ती 60 हजार डॉलरला मिळाली होती, त्या बाजारात हे पैसे किरकोळच.

आता सगळ्या अमेरिकेला एकच गोष्ट हवी होती. दोघी एका शर्यतीत. सोपा मुहूर्तही होता. नोव्हेंबर 2009 चा ब्रीडर्स कप, म्हणजे वर्षाअखेरचं सगळ्यात मोठं मैदान. पण ते होतं कॅलिफोर्नियात, सांता अनिता रेसकोर्सवर. आणि इथं टपरीवरचा दुसरा मुद्दा आला. मुरमाड मैदान!

झालं होतं असं. ट्रॅकवर घोडे पाय मोडून मरायचं प्रमाण वाढलं म्हणून कॅलिफोर्नियाच्या रेसिंग बोर्डानं 2006 मध्ये नियम केला, की मोठ्या रेसकोर्सनी 2007 संपायच्या आत मातीचे ट्रॅक काढून कृत्रिम ट्रॅक टाकावेत. वाळू, धागे, रबराचे तुकडे आणि सगळ्याला मेणाचा हात. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण मातीवर पळणारा घोडा त्यावर तसाच पळेल याची खात्री नव्हती. जेस जॅक्सनना याचा चटका आधीच बसला होता. त्यांचा कर्लिन हा घोडा म्हणजे त्या काळातला राजा, 2008 चा ब्रीडर्स कप याच सांता अनिताच्या कृत्रिम ट्रॅकवर पळाला आणि चौथा आला. त्यामुळं रेचलला मी त्या प्लास्टिकवर पळवणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. लोक म्हणाले, घाबरला.

रेचल विश्रांतीला गेली. 7 नोव्हेंबरला झेन्याटा ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये नरांबरोबर पळाली, नेहमीप्रमाणे शेवटून आली, आणि ही शर्यत जिंकणारी पहिली मादी ठरली. चौदा शर्यती, चौदा विजय. मग वर्षातला सर्वोत्तम घोडा कोण? जानेवारीत निकाल लागला. रेचलला 130 मतं, झेन्याटाला 99. मतं देणारे कोण, तर बहुतेक रेसमधले पत्रकार आणि अधिकारी. म्हणजे शर्यत ट्रॅकवर झालीच नाही, ती आमच्यासारख्यांनी कागदावर लावली. पश्चिम किनाऱ्यावर संताप, पूर्व किनाऱ्यावर पेढे. पेढे आपले, मला म्हणायचंय ते कळलं असेल.

यावर उपाय निघाला तो टपरीवरच्या तिसऱ्याचा. बक्षीस वाढवा. आर्कान्सा राज्यातल्या ओकलॉन रेसकोर्सचे प्रमुख चार्ल्स सेला यांनी जाहीर केलं, आमच्या अ‍ॅपल ब्लॉसम शर्यतीत दोघी आल्या तर बक्षीस पाच लाखांऐवजी पन्नास लाख डॉलर. मातीचा ट्रॅक. झेन्याटा 2008 मध्ये तिथं जिंकूनही गेलेली. कुणालाच तक्रारीला जागा नाही. रेचलला तयारीला वेळ कमी पडतोय असं तिच्या माणसांनी म्हटल्यावर तारीखसुद्धा 3 एप्रिलवरून 9 एप्रिल केली. सहा दिवस. त्या हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्सला पावसानं तिच्या सरावाचे दिवस खाल्ले होते, म्हणून ही ओढाताण.

13 मार्चला रेचल सरावादाखल न्यू ऑर्लिन्सच्या एका शर्यतीत उतरली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. हरली. पाऊण लेंथने. जिच्याकडून हरली ती झार्डाना, आणि झार्डानाचे ट्रेनर जॉन शिरेफ्स. हो, झेन्याटाचेच. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात झेन्याटा आणखी एक जिंकून बसली. दुसऱ्या दिवशी जॅक्सननी सांगितलं, ती पूर्ण तयार नाही, अ‍ॅपल ब्लॉसमला येणार नाही. पन्नास लाखांचे परत पाच लाख झाले. झेन्याटा आली, पळाली, जिंकली. समोर कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल.

आता मी टपरीवर गप्प का बसलो ते.

2022 च्या मोसमात, कोर्टानं शर्यती पुन्हा सुरू करायला परवानगी दिल्यावर, मी एका बैलाबद्दल लिहिलं होतं. सगळ्यांना त्याची दुसऱ्या एका बैलाशी गाठ हवी होती. मालकानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, भाऊ, खुराला दुखतंय त्याच्या, दोन मैदानं सोडतोय. मी ते छापलं, पण शेवटून दुसऱ्या ओळीत. मथळा दिला, ‘आव्हान टाळलं?’ प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. आठवडाभर त्या माणसाला गावात चिडवलं. त्यानं बैल उतरवला. पळाला, गटही काढला, आणि सेमीनंतर पाय टेकेना. त्या मोसमात परत दिसला नाही. मालक अजून भेटला की चहा पाजतो, एक शब्द बोलत नाही. म्हणून त्या दिवशी ‘घाबरतोय’ हा शब्द कानावर आला आणि मी ग्लासात बघत बसलो.

जॅक्सन यांचं मला आज वेगळंच वाटतं. प्लास्टिकवर पळवणार नाही म्हणताना थोडी घमेंड होती, मान्य. पन्नास लाखांची शर्यत कबूल करताना लोकांच्या हट्टापुढं थोडं वाकले, हेही दिसतं. घोडी तयार व्हायच्या आत तारीख ठरली होती. पण ती हरल्यावर चोवीस तासांत माघार घेतली, त्याला छाती लागते. अख्खा देश डरपोक म्हणणार हे माहीत असताना.

2010 मध्ये रेचल पहिल्यासारखी झालीच नाही. एप्रिलच्या शेवटी चर्चिल डाऊन्सला, जिथं वर्षापूर्वी सव्वावीस लेंथने जिंकली होती, तिथं मुंडीभर फरकानं हरली. मध्ये दोन जिंकल्या, एक तर साडेदहा लेंथने, आणि लोक म्हणाले आली परत. मग 29 ऑगस्टला साराटोगात, वुडवर्डच्याच ट्रॅकवर, पर्सिस्टंटली नावाच्या कुणी न मोजलेल्या घोडीनं तिला शेवटच्या काही पावलांत गाठलं. 28 सप्टेंबरला निवृत्ती जाहीर झाली. एकूण 19 शर्यती, 13 विजय, पाचदा दुसरी. वुडवर्डनं तिच्यातलं काही कायमचं काढून घेतलं का, हा वाद अजून चालतो. मला वाटतं, घेतलं.

आणि नशीब बघा. 2010 चा ब्रीडर्स कप चर्चिल डाऊन्सला होता. मातीचा ट्रॅक! जॅक्सनची एकमेव अट आपोआप पूर्ण झालेली, पण 39 दिवस उशिरा. 6 नोव्हेंबरच्या संध्याकाळी झेन्याटा एकोणीस विजय घेऊन विसाव्या शर्यतीला उतरली. नेहमीपेक्षाही मागं पडली, मग नेहमीसारखी आली, आणि ब्लेम नावाच्या घोड्याला गाठायला तिला फक्त मुंडीभर अंतर कमी पडलं. एकमेव पराभव. माइक स्मिथ नंतर पत्रकारांसमोर रडला, चूक माझी म्हणाला. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा म्हणून मात्र तीच निवडली गेली, हरवणाऱ्या ब्लेमला बाजूला ठेवून. याला न्याय म्हणायचं की मागच्या वर्षीची भरपाई, तुम्ही ठरवा. आणखी एक. त्या डिसेंबरात सांता अनितानं कृत्रिम ट्रॅक उखडून परत माती टाकली. पाण्याचा निचराच होत नव्हता.

जेस जॅक्सन एप्रिल 2011 मध्ये गेले. रेचलचं पहिलं शिंगरू, कर्लिनपासून झालेलं, जानेवारी 2012 मध्ये जन्मलं, त्याचं नाव ‘जेसेस ड्रीम’ ठेवलं. 2013 मध्ये दुसरं झालं तेव्हा तिच्या आतड्याला इजा झाली, मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, जगते की नाही अशी वेळ आली. तेव्हा तिच्या पुढच्या शर्यतीची वाट बघणारेच लोक पुन्हा रोज बातमी शोधत होते. आज उभी राहिली का, आज खाल्लं का. झेन्याटावाल्यांनीही शोधली. ती वाचली. मालकांनी मग तिला पुन्हा गाभण न ठेवायचं ठरवलं. ते दुसरं शिंगरू, रेचल्स व्हॅलेंटिना, 2015 मध्ये साराटोगालाच स्पिनअवे ही मोठी शर्यत जिंकलं.

2016 च्या ऑगस्टमध्ये साराटोगाच्या हॉल ऑफ फेममध्ये दोघींची नावं एकाच दिवशी, एकाच कार्यक्रमात लागली. घोड्या अर्थातच तिथं नव्हत्या. त्या केंटकीत आपापल्या फार्मवर चरत होत्या.

हे सगळं मी काल टपरीवर सांगितलं. चहा दोनदा झाला. शेवटी तो पहिला म्हणाला, ते राहू द्या पत्रकार, पळाल्या असत्या तर कोण जिंकलं असतं? मी म्हटलं, सप्टेंबर 2009, मातीचा ट्रॅक, नऊ फर्लांग, तर रेचल. अंतर एक फर्लांगनं वाढवलं तर झेन्याटा. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एकानंही घोडी बघितलेली नव्हती.